पन्नासची काच

निपाणीच्या फिरोज बागवाननं लग्नं सोडली,
म्हणजे लग्नाचे फोटो,
आणि त्याचा कॅमेरा माझ्याकडं आला
डोळा नसलेला.
नुसती बॉडी. तोंडावर काळं झाकण.
"अडतीस हजार वेळा उघडझाप झालीय," म्हणाला,
"अक्षता, अक्षता, अक्षता.
दुसरं काही बघितलेलं नाही त्यानं."

ओव्हरटाइमचे साडेसहा हजार वेगळ्या खिशात घालून
मी गणपत गल्लीत अंगडींचा जिना चढलो.
बसवण्णींनी काउंटरवर हिरवं कापड अंथरलं,
चार काचा मांडल्या, आणि विचारलं,
"एन फोटो तेगीतीरी?"

कशाचे काढणार.
कानडीत मला भाव पाडता येतो, वाट विचारता येते,
भांडताही येतं. हे सांगायला मात्र
मराठीतसुद्धा शब्द शोधावे लागले:
उद्यमबागेत आमच्या फौंड्रीच्या माळ्यावर
लाकडी पॅटर्न आहेत, सागवानाचे,
पंपाचे, पुलीचे, बंद पडलेल्या कुठल्या गिरणीच्या पायांचे,
बरेचसे नागोजी मास्तरांच्या हातचे, थोडे माझ्या.
कोइमतूरहून मशीन येतंय. दिवाळीनंतर माळा रिकामा करायचाय.
सागवान छान जळतं.

बसवण्णी काही बोलले नाहीत. पहिली काच लावून दिली.
अठरा-पंचावन्न. "मनेगे साकु," घराला पुरे.
खिडकीतून अख्खी गल्ली एकदम आत आली,
दोन्ही लिप्यांतल्या पाट्या, तारा, उसाचा गाडा.
सगळं होतं, आणि कुठं बघायचं ते कळेना.

दुसरी सत्तर-तीनशे, हातभर लांब.
पलीकडच्या गच्चीवर एक बाई सांडगे घालत होती,
तिच्या नथीतला निखळलेला मोती दिसला,
मी कॅमेरा खाली घेतला.
इतक्या जवळ जायचं तर आधी विचारायला पाहिजे.

तिसरी स्वस्त. चार पावसाळे खानापुरात काढलेली,
आत बुरशीची पांढरी मुळं.
उजेडाकडं धरून दोघांनीही मान हलवली.

चौथी जुनी, पन्नासची, लोखंडासारखी जड.
"तुमच्या बॉडीत मोटर नाही," ते म्हणाले,
"ही आपोआप जुळणार नाही. हातानं फिरवायला लागतंय."
फिरवली.
तेल घातलेल्या बिजागरीसारखी सरकली.
पाटीवरचं अक्षर धूसर, मग धारदार, मग परत धूसर,
मग मी एक केसभर मागं आलो.
पुढं गेल्याशिवाय कळतच नाही
कुठं थांबायचं होतं.

"आणि पन्नास तुमच्यावर पंच्याहत्तर होते," ते म्हणाले, "सेन्सर लहान."
मला हसू आलं.
ओतलेलं लोखंड निवताना आकसतं,
म्हणून आमची पट्टीच खोटी असते, फुटाला सूतभर मोठी.
मास्तर म्हणायचे, खोटं मोजलंस तरच खरं ओतलं जाईल.
मी त्यांना हे कानडीत सांगितलं.
आधी कधी सांगितलं नव्हतं, जमलं.
त्यांनी सातशे कमी केले.

रविवारी माळ्यावर उजेड नव्हता.
यल्लोजीनं बॅटरी धरली,
कॅमेरा वाळूच्या पोत्यावर टेकवला,
सगळं स्पष्ट यावं म्हणून भोक बारीक केलं
आणि चार सेकंद दोघांनी श्वास धरला.

पंपाची कूस आली. वाखाच्या खुणा आल्या.
आतल्या अंगाला पेन्सिलीनं, मास्तरांच्या अक्षरात,
"सूतभर जास्त", जे मी वीस वर्षांत
कधी वाचलं नव्हतं.
आणि वर डाव्या कोपऱ्यात एक ठिपका,
लांबट, तांदळाएवढा.
पुसला, काच बदलून बघायला दुसरी नव्हतीच,
पुढच्या फोटोतही तिथंच.

यल्लोजी वाकून बघत राहिला.
"फिरोजची अक्षता हाय की बे," म्हणाला,
"ऱ्हाऊ दे."